उपग्रह आपले, पण गोळ्याच्या टोकावरील अँटेनाचे काय?

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त जळगाव येथे विद्यार्थी व नागरिकांपुढे एका निवृत्त प्राध्यापकांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



खानदेशाच्या मातीत विज्ञानाचा विषय काढायचा, तर पहिले स्मरण भास्कराचार्यांचे करावे लागते. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला आपल्यापैकी बहुतेकजण गेले असाल. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, अशी नोंद पाटणच्या शिलालेखात आहे. १९व्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो लेख विद्वानांसमोर आणला. इ. स. ११५० मध्ये रचलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात यंत्रांचे एक प्रकरण आहे. अनेक यंत्रांचे वर्णन करून झाल्यावर आचार्य 'धीयंत्रा'कडे वळतात. हे यंत्र म्हणजे एक साधी काठी. काठीच्या टोकाकडे नजर लावायची आणि बाकीचे काम बुद्धीने करायचे. यंत्राला मर्यादा असतात, त्या ओळखून गणिताने त्यांवर मात करता येते, हा त्यातील बोध. माझा आजचा विषय वरवर पाहता फार दूरचा वाटेल. पण त्याचे मर्म त्या काठीतच आहे.

विषय आहे तोफगोळ्यांना व अग्निबाणांना उपग्रहांच्या साहाय्याने वाट दाखविण्याचा आणि त्यात अँटेना नावाच्या छोट्याशा वस्तूमुळे येणाऱ्या अडचणींचा. जळगावात हा विषय का, असे कोणी विचारील. भुसावळची आयुध निर्माणी १९४९ पासून आपल्या जिल्ह्यात आहे. पिनाक अग्निबाण ज्या पेटाऱ्यांतून सुटतात, ते पॉड तेथे तयार होतात. वरणगावच्या निर्माणीत काडतुसे तयार होतात. २०२१ साली देशातील आयुध निर्माण्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा भुसावळची निर्माणी 'यंत्र इंडिया लिमिटेड'कडे आणि वरणगावची 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड'कडे गेली. याच म्युनिशन्स इंडियाने आयआयटी मद्रासच्या सहकार्याने १५५ मिलिमीटरचा स्वदेशी 'स्मार्ट' तोफगोळा विकसित करण्याचे काम २०२५ मध्ये हाती घेतल्याचे जाहीर झाले. त्याला आपल्याच 'नाविक' उपग्रहांनी दिशा द्यायची आणि अचूकता १० मीटरपर्यंत आणायची, असे उद्दिष्ट आहे. या सभागृहातील कित्येकांच्या घरातील माणसे या निर्माण्यांत काम करतात. तेव्हा हा विषय परका नाही.

कारगिलची शिकवण

१९९९ च्या कारगिल युद्धात आपल्या तोफखान्याने सुमारे अडीच लाख तोफगोळे, बॉम्ब व अग्निबाण डागले. पिनाकची पहिली रणपरीक्षाही तेथेच झाली. त्या काळी जीपीएस पूर्णपणे अमेरिकेच्या सैन्याच्या मुठीत होते. नागरी वापराच्या संकेतात ते जाणूनबुजून चूक मिसळीत. त्यामुळे इतरांना मिळणारे स्थान साधारण शंभर मीटरपर्यंत चुकू शकत असे. ही प्रथा मे २००० मध्ये थांबली. जे एका आदेशाने थांबते, ते दुसऱ्या आदेशाने पुन्हा सुरूही होऊ शकते, हे आपल्या धुरीणांनी ओळखले आणि स्वतःची उपग्रह मालिका उभारण्याचा निश्चय झाला. पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी झेपावला. सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी गेला आणि मालिकेला 'नाविक' हे नाव मिळाले.

डिसेंबर २०१९ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर मार्गदर्शित पिनाकची चाचणी झाली. त्याच्या मार्गदर्शनाला आपल्याच उपग्रहांचे साहाय्य असल्याचे तेव्हा अधिकृतपणे सांगण्यात आले. साधा पिनाक सुमारे ३८ किलोमीटर जातो. मार्गदर्शित पिनाक ७५ किलोमीटरपर्यंत. मूळ आराखडा पुण्याच्या आयुध संशोधन संस्थेचा, म्हणजे एआरडीईचा. हे सारे अभिमानाचे आहे. पण अभिमान डोळसही हवा. उपग्रहाचा संकेत हजारो किलोमीटर प्रवास करून येतो आणि गोळ्यावरच्या शेवटच्या काही सेंटिमीटरमध्ये हरवतो, असे घडू शकते. आज त्या शेवटच्या सेंटिमीटरविषयी बोलायचे आहे.

कुजबुज ऐकणारा कान

उपग्रह वेळ सांगतो. संकेत निघाला केव्हा आणि पोहोचला केव्हा, यावरून अंतर निघते. चार उपग्रहांची अंतरे मिळाली की आपले स्थान आणि आपल्या घड्याळाची चूक, दोन्ही कळतात. वेळेत एका सेकंदाच्या दशलक्षांशाची चूक झाली, तर अंतर ३०० मीटरने चुकते. हे गणित आपल्या मोबाइलमध्येही चालते.

मात्र तो संकेत किती क्षीण असतो, याची कल्पना नसते. जमिनीवर पोहोचेपर्यंत जीपीएसच्या संकेताची शक्ती एका वॅटच्या दहा हजार-लाख-कोटींश भागाइतकी, म्हणजे एकावर सोळा शून्ये दिल्यावर होणाऱ्या संख्येने एका वॅटला भागावे, इतकी उरते. यात्रेच्या गर्दीत पलीकडच्या काठावरून कोणी कुजबुजावे, तसा हा प्रकार. ती कुजबुज ऐकणारा कान म्हणजे अँटेना. कानच अधू असेल, तर पुढचे गणित कितीही तल्लख असून काय उपयोग?

अँटेनाचे माप लहरीच्या लांबीशी बांधलेले असते. जीपीएसच्या मुख्य संकेताची तरंगलांबी १९ सेंटिमीटर. नाविकच्या एल-५ संकेताची साडेपंचवीस सेंटिमीटर आणि एस पट्ट्यातील संकेताची १२ सेंटिमीटर. चपटी पट्टीची अँटेना साधारण अर्ध्या तरंगलांबीची असावी लागते. म्हणजे एल-५ साठी पावणेतेरा सेंटिमीटर. आणि तोफगोळ्याच्या टोकावरचा फ्यूज केवढा? जाडीला जेमतेम ६ सेंटिमीटर! त्यातच स्फोटाची यंत्रणा, बॅटरी आणि संगणकही बसवायचे असतात.

मग विशिष्ट चिनीमातीच्या वडीवर अँटेना बसवून तिचे माप कमी करतात. अशा पदार्थात लहर आखूड होते. पण निसर्ग काही फुकट देत नाही. अँटेना जितकी आक्रसते, तितकी तिची ग्रहणशक्ती घटते आणि ती ज्या कंप्रतेवर काम करते तो पट्टा अरुंद होतो. हवेच्या घर्षणाने टोक तापले की हा अरुंद पट्टा थोडा सरकतो आणि नेमका हवा तो संकेत पट्ट्याच्या कडेला पडतो. संकेताची शक्ती निम्मी झाली, तर मापातील गोंगाट वाढतो. आणखी घटली, तर उपग्रहाशी असलेला संपर्क तुटतो. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या 'एनव्हीएस-०१' या उपग्रहापासून नाविकमध्ये १९ सेंटिमीटरचा एल-१ संकेतही आला. त्याचा उल्लेख बहुधा मोबाइलच्या संदर्भात होतो. पण लहान अँटेना बसविणाऱ्यालाही तो सोयीचा आहे, हे ध्यानात घ्यावे.

भोवऱ्यावर बसून तारा पाहणे

आता दुसरी अडचण. तोफेच्या नळीत आटे असतात. त्यांमुळे गोळा भोवऱ्यासारखा फिरतो आणि म्हणूनच हवेत स्थिर राहतो. १५५ मिलिमीटरच्या नळीत साधारण ३ मीटर १० सेंटिमीटर अंतरात एक वळसा असतो. गोळा सेकंदाला ८०० मीटर वेगाने सुटला, तर सेकंदाला अडीचशेहून अधिक फेरे होतात. एक फेरा चार सहस्रांश सेकंदात!

अँटेना गोळ्याच्या कुशीला बसविली, तर प्रत्येक फेऱ्यात ती क्षणभर उपग्रहाकडे पाहते आणि क्षणभर पाठ फिरविते. जत्रेतल्या चक्रपाळण्यात बसलेल्या मुलाला खाली उभी असलेली आई दिसते, नाहीशी होते, पुन्हा दिसते, तसे. ग्राहक यंत्र साधारणतः २० सहस्रांश सेकंद संकेत साठवून मग त्यावर निर्णय देते. तेवढ्यात गोळा पाच फेरे घेऊन मोकळा होतो.

शिवाय कुशीला बसविलेली अँटेना गोळ्याच्या आसापासून पावणेआठ सेंटिमीटरवर असते. ती सेकंदाला सुमारे १२० मीटर वेगाने वर्तुळात फिरते. उपग्रहाच्या जवळ जाते, दूर होते. स्थानकावरून जाणाऱ्या गाडीच्या शिटीचा सूर जसा बदलतो, तशी येथे वाहक लहरीची कंप्रता प्रत्येक फेऱ्यात सहाशे हर्ट्झहून अधिक वर-खाली होते. लहरीच्या मागावर राहणारे ग्राहकातील चक्र मात्र साधारण १०-२० हर्ट्झच्या हळुवार बदलांसाठी आखलेले असते. ते गोंधळते.

अँटेना नेमकी आसावर, टोकाला बसविली तर? मग ही कसरत टळते. पण एक निराळीच चूक शिरते. उपग्रहाची लहर स्वतःच पिळासारखी वर्तुळाकार ध्रुवित असते. आसाच्या दिशेने येणाऱ्या लहरीसमोर अँटेना एकदा फिरली की मोजणीत एक संपूर्ण लहर वाढते किंवा कमी होते. सेकंदाला २५० फेरे म्हणजे २५० लहरी. प्रत्येकी १९ सेंटिमीटर. म्हणजे सेकंदाला ४७ मीटरहून अधिक खोटा वेग! सुदैवाने टोकापुढच्या सर्व उपग्रहांना ही चूक जवळजवळ सारखी लागते आणि घड्याळाच्या चुकीत मिसळून जाते. पण कुशीकडून वा मागून दिसणाऱ्या उपग्रहांच्या बाबतीत ती निराळी असते. तो फरक हिशेबात धरला नाही, तर वेगाचे माप बिघडते.

भरीस भर म्हणजे सुटतानाचा धक्का. तोफगोळ्याला गुरुत्वाच्या १५ हजार पट वा त्याहून अधिक त्वरण सोसावे लागते. १० ग्रॅमचा सुटा भाग त्या क्षणी दीडशे किलोचा होतो. अँटेनाची वडी तडकली, जोड किंचित हलला, तरी सारे संपले.

नाक जमिनीकडे, उपग्रह पाठीमागे

तिसरी अडचण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जळगाव-धुळ्याच्या गच्च्यांवर टीव्हीच्या तबकड्या पाहा. साऱ्या दक्षिणेकडे, किंचित आग्नेयेकडे तोंड करून बसलेल्या असतात. कारण भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर असतात आणि आपण त्याच्या उत्तरेस. नाविकच्या मूळ रचनेत सातपैकी तीन उपग्रह असे भूस्थिर होते; उरलेले चार तिरप्या कक्षांतून उत्तर-दक्षिण फिरतात.

आता देशाच्या उत्तर सीमेवरून उत्तरेकडे डागलेला गोळा डोळ्यांसमोर आणा. वर चढताना त्याचे नाक आकाशाकडे असते. तेव्हा दक्षिणेचे उपग्रह निदान कुशीकडून दिसतात. शिखर ओलांडले की नाक जमिनीकडे वळते. आता टोकावरची अँटेना शत्रूची जमीन पाहते आणि दक्षिणेचे उपग्रह बरोबर पाठीमागे, गोळ्याच्या पोलादी देहाआड जातात. अचूकतेची गरज सर्वांत अधिक असते ती शेवटच्या या काही सेकंदांत. आणि नेमका तेव्हाच कान आकाशाकडे पाठ करून बसतो. रावेरच्या दाट केळीच्या बागेत उभे राहून आकाशाचा एकच तुकडा दिसावा, तशी स्थिती होते. एकाच बाजूचे उपग्रह दिसले, तर प्रत्येक अंतर बरोबर असूनही स्थानाची चूक कित्येक पटींनी फुगते. तीन खांब एकाच कोपऱ्यात रोवून मांडव उभा राहत नाही, हे आपण जाणताच.

जमिनीकडे पाहणारी अँटेना आणखी एक गोष्ट ऐकते: शत्रूचा जॅमर. हिशेब करून पाहा. ३० किलोमीटरवर ठेवलेला अवघ्या एका वॅटचा प्रक्षेपक, मध्ये आडोसा नसेल तर, उपग्रहाच्या संकेताहून हजारपटीपेक्षा अधिक बलवान ठरतो. विमानावर अनेक अँटेनांचा संच बसवून जॅमरच्या दिशेपुरते बहिरे होता येते. पण त्या अँटेना एकमेकींपासून साधारण अर्ध्या तरंगलांबीवर, म्हणजे साडेनऊ सेंटिमीटरवर असाव्या लागतात. ६ सेंटिमीटरच्या टोकावर तो संच मांडणार कोठे? अमेरिकेचा एक्सकॅलिबर हा उपग्रहमार्गदर्शित गोळा २००७ मध्ये इराकमध्ये गाजला. आपणही तो २०१९ मध्ये घेतला. त्याच गोळ्याची परिणामकारकता युक्रेनच्या युद्धात रशियन जॅमिंगमुळे फार घसरल्याचे २०२४ मध्ये उघड झाले. जे अमेरिकेला भोगावे लागले, ते आपल्याला टळेल असे मानणे हा भाबडेपणा होय.

उपाय आणि त्यांची किंमत

मार्ग आहेत. एक म्हणजे फिरणेच थांबविणे. एक्सकॅलिबरला शेपटीकडे पंख आहेत; त्यामुळे त्याला भोवऱ्यासारखे गरगरावे लागत नाही. दुसऱ्या एका पद्धतीत गोळा फिरत राहतो, पण फ्यूजवरचे छोटे पंख फ्यूजच्या पुढच्या भागाला उलट फिरवून आकाशाच्या संदर्भात स्थिर ठेवतात. अग्निबाणाला तर ही अडचण मुळातच कमी. पिनाक पंखांच्या आधाराने स्थिर राहतो. त्याचा व्यास २१४ मिलिमीटर, म्हणजे घेर सुमारे ६७ सेंटिमीटर. त्या घेरावर चारी बाजूंनी अँटेना बसविता येतात. कोणती ना कोणती आकाश पाहत राहते. आपण उपग्रहांचे मार्गदर्शन आधी पिनाकला दिले आणि गोळ्याकडे नंतर वळलो. हा क्रम अभियांत्रिकीच्या दृष्टीने शहाणपणाचा वाटतो.

तिसरा मार्ग धीयंत्राचा. फिरत्या अँटेनातील संकेत प्रत्येक फेऱ्यात वर-खाली होतो, ही अडचण म्हणून सांगितली. पण उपग्रह कोठे आहे हे आपल्याला ठाऊक असते. मग संकेत नेमका कधी उच्चांकावर पोहोचतो, यावरून गोळ्याची कोणती बाजू वर आहे ते ओळखता येते. दिशा वळविणाऱ्या पंखांना नेमके हेच हवे असते. दोषातूनच माप निघाले!

चौथा मार्ग जडत्वीय संवेदकांचा. संपर्क तुटल्यावर ते काही काळ वाट धरून ठेवतात. त्यांची त्वरणमापनातील चूक गुरुत्वाच्या सहस्रांशाइतकी असेल, तर ३० सेकंदांत सुमारे साडेचार मीटर चूक होते. शतांशाइतकी असेल, तर ४४ मीटर. उद्दिष्ट १० मीटरचे असताना यातील कोणता संवेदक लागेल, ते सांगायला नको. आणि तोही १५ हजार पट धक्का सोसून शाबूत राहिला पाहिजे.

एक कबुली

धुळ्यात मी अध्यापन करीत असताना घडलेली एक गोष्ट सांगतो. शेवटच्या वर्षाच्या तिघा विद्यार्थ्यांनी बाजारातला जीपीएस ग्राहक आणला. शिवणयंत्राची मोटर लावून एक पिंप फिरविले, त्याच्या कुशीला अँटेना चिकटविली आणि गच्चीवर प्रयोग मांडला. पिंप स्थिर असताना आकडे झकास येत. फिरू लागले की एकेक उपग्रह गळत जाई. मुलांनी अहवालात लिहिले, 'अचूकता ५ मीटर.' ग्राहकासोबतच्या पत्रकात तसे छापलेले होते. मी वरवर चाळून सही केली.

आठवड्याने त्यांतला एकजण दारात उभा. म्हणाला, "सर, तो आकडा आपण मोजलेला नाही. फिरताना तर स्थानच मिळत नव्हते. अहवाल बदलू द्याल का?" मी म्हणालो, "आता गुण भरून पाठविलेत, राहू दे." तो गप्प राहिला, पण जागचा हलला नाही. मग म्हणाला, "सर, माझे वडील निर्माणीत आहेत. त्यांच्या हातून गेलेला माल खोटा ठरला, तर तिकडे कोणाचा तरी जीव जातो, असे ते सांगतात."

मला माझीच लाज वाटली. आम्ही अहवाल बदलला. 'स्थिर असताना अमुक, फिरताना संपर्क तुटतो' एवढेच लिहिले. गुण थोडे कमी झाले. आज इतक्या वर्षांनी त्या वर्षीचे दुसरे काही आठवत नाही; त्या मुलाचे ते वाक्य आठवते.

मित्रहो, अचूकता हा जाहिरातीचा शब्द नाही. गोळा १० मीटरवर पडतो की २०० मीटरवर, यावर पलीकडच्या चौकीजवळच्या वस्तीचे, पायथ्याशी चढाईला निघालेल्या आपल्याच जवानांचे प्राण अवलंबून असतात. म्हणून स्वदेशीची कसोटी अधिक कठोर हवी. नाविकच्या बाबतीतही खरे ते बोलले पाहिजे. आरंभीच्या उपग्रहांतील आयात केलेली आण्विक घड्याळे एकामागून एक बंद पडली. ऑगस्ट २०१७ मध्ये बदली उपग्रह उष्णताकवचातच अडकून राहिला. जानेवारी २०२५ मध्ये 'एनव्हीएस-०२' ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. 'एनव्हीएस-०१'मध्ये मात्र भारतात घडविलेले रुबिडियम घड्याळ गेले. अपयशे मोजून, त्यांतून शिकूनच ते घडले. घड्याळाचे जे झाले, तेच अँटेनाचेही होईल. पण त्यासाठी चिनीमातीची वडी, तिच्यावरचा धातूचा पातळ थर, धक्का सोसणारा जोड यांसारख्या बारीक गोष्टींत आयुष्य घालणारी माणसे हवीत.

येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलांना माझे सांगणे एवढेच. सर्वांनीच उपग्रह उडविण्याची स्वप्ने पाहू नयेत. काहींनी ६ सेंटिमीटरच्या टोकाचाही विचार करावा. गच्चीवर पिंप फिरवा. जे दिसेल ते लिहा. जे मोजले नाही ते लिहू नका. पाटणच्या आचार्यांनी काठीच्या टोकावर नजर ठेवून आकाश मोजले. आपल्यापुढेही एक टोकच आहे.